मिठाचा रकाना कुठे आहे? : एक खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री, भारत सरकार

विषय : कोकणातल्या लहान मिठागरांना पिकासारखी मदत मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे. एकट्याला लिहिलं की ते दुसऱ्याकडे पाठवलं जातं, आणि दुसऱ्याला लिहिलं की पहिल्याकडे परत येतं, हे आता मला पाठ झालं आहे. उघडं लिहिते आहे तेही याच कारणाने. वाटेत ते कुठे थांबलं, हे चार लोकांना तरी दिसेल.

मी उरण तालुक्यातली. शाळेत शिकवते. आमच्या घरचं मिठागर खाडीला लागून आहे, चोवीस कोंड्यांचं. कोंडी म्हणजे मीठ धरायचं उथळ खाचर. आजोबांनी पिकवलं, वडिलांनी पिकवलं, आता आई आणि धाकटा भाऊ बघतात. मी रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत हात लावते, म्हणजे खरं तर मीठ ऐन भरात असतं तेव्हा जाते आणि कौतुक पदरात पाडून घेते. डिसेंबरचा चिखल माझ्या वाट्याला क्वचितच येतो.

यंदा पिठोरी अमावास्येच्या उधाणाला आमच्या बाहेरच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली. सकाळी भावाने मोजली, बारा हात होती. उधाण ओसरून भांग लागला, म्हणजे भरतीचा जोर कमी झाला, त्या दिवसांत वीस माणसं, पेंढा, मातीच्या गोणी आणि थोडा दगड मिळाला असता, तर दोन ओहोटींत ती बुजली असती. माणसं आणायला पैसे नव्हते, म्हणून भाऊ अर्ज घेऊन निघाला. दिवाळीपर्यंत खांड चाळीस हातांची झाली. अर्ज मात्र होता तेवढाच राहिला.

पहिल्या कार्यालयात सांगितलं, आमच्या बांधांच्या योजना शेतजमिनीसाठी असतात, मिठागर शेतजमीन नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, मीठ केंद्राचा विषय आहे. तिसरीकडे, जिथे मीठ हाच विषय असायला हवा होता, तिथे सांगितलं की जमीन आणि बांध राज्याचे, आम्ही बांधाला पैसे देत नाही. चौथ्या ठिकाणी एक तरुण कर्मचारी पंचनाम्याचा कागद घेऊन खरोखरच बांधावर आला. बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालत आला, हे मुद्दाम नोंदवते. त्याच्या कागदावर पीक होतं, फळबाग होती, घर, गोठा, जनावरं, होडी, जाळी होती. मिठाचा रकाना नव्हता. त्याने बराच वेळ विचार केला आणि शेवटी 'इतर' असं लिहून पुढे आमचा आकडा टाकला. पुढे तो आकडा कुणीतरी खोडला, कारण 'इतर'ला दर नसतो.

आई त्या दिवशी उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "शेती न्हाय, मच्छी न्हाय, कारखानाबी न्हाय. आमी मंग करताव तरी काय?"

मी शिक्षिका असल्याने उत्तर शोधायला पुस्तक उघडलं. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत 58 वी नोंद मिठाची आहे : मिठाचं उत्पादन, पुरवठा आणि वितरण. मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला आहे आणि ते वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली येतं. जमीन महसूल राज्याचा. खारभूमीचे, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारे, बांध राज्याचे. खाडीतली तिवरांची झाडी वनखात्याची. किनाऱ्याचे नियम पर्यावरण खात्याचे. म्हणजे कोंडीतलं पाणी पांढरं होईपर्यंत राज्याचं, आणि पांढरं झालं की केंद्राचं. मधल्या माणसाला कुणी ठेवून घेतलेलं नाही.

आमच्या बोलीत आम्ही मीठ 'बनवत' नाही. मीठ पिकतं. पिकलं की काढतो, रास घालतो, पावसाआधी उचलतो. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, काम तसंच आहे. आपण दोघांपैकी कुणी कोंडीच्या बांधावर बसला असाल असं वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पाऊस गेला की आधी बांध धरायचे, मग पाट उकरायचे, मग कोंड्यांची जमीन तुडवायची. तळ पायांनी तुडवून, चोपून, दगडासारखा घट्ट करावा लागतो. तळ मऊ राहिला की वर येणारं मीठ गाळ घेऊन येतं. उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि तापवणीत, म्हणजे पाणी उन्हात तापवायच्या खाचरात, साठवायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे 35 ग्रॅम भरतात, त्यातलं पाऊण हिश्श्याहून थोडं जास्त आपलं खायचं मीठ. बाकीचं वेगळं काढणं ही सगळी कला. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत, आटवत न्यायचं. शास्त्राच्या पुस्तकात पाण्याच्या या दाटपणाच्या मापाला बॉमे अंश म्हणतात : समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं, मीठ धरायला लागतं ते 25 च्या आसपास. मधे चुना आणि जिप्सम खाली बसून जातात. आणि 29-30 च्या वर गेलं की पाण्यात उरतं ते कडू, मॅग्नेशियमचं. ते वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं.

वडिलांकडे अंश मोजायची काचेची नळी नव्हती. पाणी तांबूस दिसायला लागलं की ते बोट बुडवून चिमटीत चोळायचे. आई अजून तेच करते. फेब्रुवारीतल्या दुपारी वारा पडला की कोंडीच्या पाण्यावर सायीसारखी पातळ पापडी धरते. दिवस कलता कलता वारा सुटतो, पापडी एका कोपऱ्यात गोळा होते आणि जड होऊन बुडते. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला दाणा लागतो. आई मूठभर उचलते, तळव्यात दाबते आणि कानाशी नेते. करकर वाजलं तर "झाला". नाही वाजलं तर परत टाकते आणि दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही. तिच्या हातांना मार्चनंतर भेगा पडतात, त्यांत मीठ जातं. रात्री खोबरेल चोळून वर भावाचे जुने पायमोजे हातात घालून झोपते. लहान असताना मला ते हसू यायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरुवात, जानेवारी-फेब्रुवारीपासून काढणी, मे अखेर बांधावर रास. मधे एक वळवाचा पाऊस झाला तरी पंधरा दिवसांची मेहनत परत पाणी होते. हे पीक नाही तर काय आहे? फरक इतकाच की बियाणं विकत घ्यावं लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा कुठल्या खात्याला आमच्याशी देणंघेणं नाही.

आता तक्रारी.

पहिली तर सांगून झाली, रकान्याची. पण ती किती महाग पडते ते 2021 च्या मे महिन्याने दाखवलं. तौक्ते चक्रीवादळ 17 मे च्या सुमाराला आमच्या किनाऱ्यासमोरून वर गेलं. तो मिठाचा अगदी शेवटचा हप्ता, वर्षभराचं उत्पन्न बांधावर राशींत उभं असतं. पेंढ्याने आणि ताडपत्रीने झाकलेलं. वाऱ्याने ताडपत्री नेली आणि पावसाने रास. सकाळी बांधावर जिथे माणसाच्या उंचीचा ढीग होता तिथे राखाडी डबकं होतं. आंब्याच्या बागांचे पंचनामे झाले, पत्र्यांचे झाले, होड्यांचे झाले, आणि व्हायलाच हवे होते. आमच्याकडे बघून लोक म्हणाले, मीठच ते, विरघळणारच. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 च्या अर्थसंकल्पानंतर मच्छीमार आणि पशुपालकांनाही खुलं झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याच खाडीच्या दुसऱ्या काठावर पाय रोवून उभ्या असलेल्या मिठागरवाल्याचं नाव त्यात घ्यायचं राहून गेलं. पीकविमा नाही. हमीभाव तर सोडाच, आमच्याकडे बाजारभावाचाही फलक नाही. व्यापारी ट्रक घेऊन येतो, बांधावर दोन-अडीच रुपये किलोने मोजतो, आणि तेच पांढरं दुकानात पिशवीत बसलं की तीस रुपयांच्या घरात जातं.

लहान आगराला मीठ काढायला परवाना लागत नाही, हे स्वातंत्र्यानंतर मिळालेलं एक मोठं देणं आहे आणि ते परत मागायचा माझा विचार नाही. पण परवाना नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे आपण मिठागरवाले आहोत हे सिद्ध करायला माझ्या भावाकडे हातांच्या भेगांशिवाय काही नाही. सातबाऱ्यावर जमिनीचा प्रकार असतो, माणसाचा धंदा नसतो.

दुसरी तक्रार बांधाची, आणि ही मी जरा थांबून सांगते, कारण शहरातल्या वाचकाला ती ठाऊक नसते आणि आमची बहुतेक मिठागरं याच वाटेने मेली आहेत.

पूर्वी आमच्या भागात शिलोत्रीची रीत होती. ज्याने खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखालची खाडीकाठची जमीन, बांधून काढलं, त्याने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून वाटा घ्यायचा. रीत न्यायाची होती असं मी म्हणत नाही, वाटा घेऊन बांध न राखणारे शिलोत्रीदारही झालेच. पण बांध कोणाचा, या प्रश्नाला उत्तर तरी होतं. आता वाटा घेणारा गेला आणि राखणाराही गेला. खांड गेली की भरतीचं पाणी रोज दोनदा आत येतं. येताना तिवराचं बी आणतं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढी रोपं दिसतात. तिसऱ्या वर्षी कोंडीत रान उभं असतं. आणि एकदा तिवरं उभी राहिली की त्यांना हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी कायम केली, आणि ती योग्यच आहे. भरावासाठी रातोरात तिवरं कापणारे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. पण परिणाम बघा : ज्या गरिबाला एका हंगामात खांड बुजवता आली नाही, त्याचं मिठागर तीन वर्षांत कायद्यानेच बंद होतं. त्याने काहीही गुन्हा न करता. आणि मग पाच-सात वर्षांनी त्याच पट्ट्यावर एखाद्या मोठ्या प्रकल्पाची पाटी लागते, तेव्हा परवानग्या मिळवण्यासाठी खास माणसं नेमलेली असतात.

मिठागराचा बाहेरचा बांध एकट्या मिठागराला राखत नाही. त्याच्या मागे भाताची खाचरं आहेत, त्याच्या मागे गाव. आमच्या खांडीतून शिरलेलं खारं पाणी यंदा मागच्या तीन शेतकऱ्यांच्या खाचरांत गेलं. त्यांचं नुकसान भाताच्या रकान्यात बसलं. म्हणजे बांधामागच्या नुकसानीला सरकारी दर आहे, आणि ते ज्यामुळे टळलं असतं त्या बांधाला नाही. हे मी वर्गातल्या सातवीच्या पोरांना समजावू शकले नाही.

तिसरी, आयोडीनची. इथे मला काळजीपूर्वक लिहायचं आहे, कारण 'देशी मीठ' म्हटलं की लगेच आयोडीनविरोधी फलक घेऊन लोक येतात, आणि मला त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. गलगंड आणि मुलांच्या वाढीतले दोष आयोडीनने टळतात. 1962 साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तो उगाच नाही. आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला 2006 पासून देशभर मनाई आहे. कारखान्यातून निघताना मिठात आयोडीन दहा लाख भागांत 30 भागांच्या आसपास असावं, गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत किमान 15 उरावं, असं प्रमाण आहे. मान्य. पण हे प्रमाण गाठायला लागतं काय? एक टन मिठाला जेमतेम 50 ग्रॅम पोटॅशियम आयोडेट, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढी पूड, ती सारखी फवारून मिसळायचं छोटं यंत्र, आणि तपासायची सोय. पन्नास ग्रॅम आम्ही आणू. यंत्र आणि प्रयोगशाळा चोवीस कोंड्यांच्या घराला कशी परवडेल? नियम आला तेव्हा त्याच्यासोबत तालुक्याला एक सामायिक केंद्र आलं असतं, तर आमचं मीठ आज आमच्याच गावच्या दुकानात असतं. ते आलं नाही, म्हणून आमचं मीठ स्वयंपाकघरातून बाहेर पडलं. आता ते बर्फाच्या कारखान्यात, खाऱ्या मासळीसाठी आणि नारळाच्या आळ्यात जातं. त्यातही कमीपणा नाही. पण भाव तसाच मिळतो.

आमचा दोषही सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. खाण्याच्या मिठात कोरड्या वजनावर 96 टक्के सोडियम क्लोराइड लागतं. आमच्यातली बरीच आगरं तिथवर पोचत नाहीत. कडू पाणी सोडायचा कंटाळा करतात, तळ नीट चोपत नाहीत, आणि घाईने खरवडलेलं मीठ राखाडी निघतं. "असाच हाय आमचा मीठ" ही काही गुणवत्ता नव्हे. भावनगरला 1954 पासून मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथलं ज्ञान सगळं आपल्याच देशाचं, आपल्याच पैशाने झालेलं. ते ज्ञान आमच्या खाडीत अजून पोचलेलं नाही. आणि आम्हीही ते आणायला गेलो नाही, हेही खरं.

गुजरातशी आमची स्पर्धा नाही. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ तिथे पिकतं. कच्छात पाऊस थोडा आणि ऊन लांब; आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि चार महिन्यांची काढणी. त्यांच्या दराला मीठ विकायचं म्हटलं तर आम्ही पहिल्याच वर्षी बसू. देशाला मीठ पुरवू द्या असं मी म्हणत नाहीच. कोकणातल्या कोळीवाड्यांना, बर्फवाल्यांना, बागायतदारांना आणि इथल्या घरांना लागणारं मीठ तेवढं इथे पिकू द्या.

चौथी तक्रार नजरेची आहे. सरकारला मिठागर दिसतं ते रिकामा भूखंड म्हणून. मुंबईतल्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घ्यायचं 2024 मध्ये राज्याने ठरवलं. धारावीच्या माणसाला घर मिळू नये असं म्हणणारी मी कोण? पण मुलुंड-भांडुपच्या त्या सपाट पांढऱ्या पट्ट्यांचा उल्लेख बातम्यांमध्ये 'वापरात नसलेली जमीन' असा वाचला तेव्हा जिवाला लागलं. वापरात का नाही, हे कुणी विचारलं नाही. आमच्या उरण-पनवेल-बेलापूरच्या 95 गावांनी नवी मुंबईसाठी 1970 नंतर जमिनी दिल्या, 1984 च्या जानेवारीत आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हा रक्तही दिलं, मग बंदर आलं. त्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र वेगळंच होईल. इतकंच सांगते की माझ्या लहानपणी शाळेच्या खिडकीतून मिठाच्या राशी मोजायचा आमचा खेळ होता. आता त्या खिडकीतून कंटेनर दिसतात. माझे विद्यार्थी त्यांचे रंग मोजतात.

आणि गंमत अशी, की किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ज्या मोजक्या कामांना मुभा दिली त्यांत उन्हाने समुद्राचं पाणी आटवून मीठ काढणं हे एक होतं. म्हणजे कायद्याला आम्ही चालतो. अर्थसंकल्पाला चालत नाही.

इतिहासाची आठवण करून द्यायचा मोह आवरते आहे, पूर्ण आवरत नाही. 1930 च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला सत्याग्रही मिठागरात उतरले. वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईकर धावून गेले. त्याच्याही आधी, 1878 च्या करारानंतर, इंग्रजांनी पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये देऊन गोव्याच्या मिठावर आपला पहारा बसवला होता. एवढी या दाण्याची किंमत साम्राज्याला कळली होती. 1947 ला मिठावरचा कर गेला. आज मिठावर जीएसटीसुद्धा शून्य आहे. कर घ्यायला कुणी नाही, म्हणून विचारायलाही कुणी नाही, असं कधीकधी वाटतं. 'खाल्ल्या मिठाला जागा' हे मी आपल्याला म्हणणार नाही. ते वाक्य मिठाच्या प्रत्येक कार्यक्रमात व्यासपीठावरून ऐकून झालं आहे, आणि भाषण संपल्यावर पाहुण्यांच्या जेवणात मीठ पिशवीतलंच असतं.

मागण्या साध्या आहेत.

पंचनाम्याच्या कागदावर मिठाचा रकाना घाला. काढणीला आलेल्या कोंडीचा आणि बांधावरच्या राशीचा दर ठरवा. यासाठी नवं खातं नको, नवी इमारत नको, छापखान्यात एक ओळ वाढवायची आहे.

लहान मिठागरवाल्यांची नोंद करा. परवाना नव्हे, नोंद. ग्रामपंचायतीत एक वही ठेवली तरी चालेल, पण ती सरकारने मानावी. त्या नोंदीवर किसान क्रेडिट कार्ड आणि हवामानावर आधारलेला विमा द्या.

चालू मिठागरांचे बाहेरचे बांध खारभूमीच्या यादीत घ्या, आणि खांड गेल्यापासून त्याच हंगामात बुजवायची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाका. मजुरी रोजगार हमीतून द्या. आम्ही स्वतः त्या कामावर येऊ, आम्हाला बांध बांधता येतो. इथे एक महिना इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो, तिवरं पत्रव्यवहारासाठी थांबत नाहीत. ज्या कोंड्यांत रान वाढलंच आहे, त्या आम्ही परत मागत नाही.

उरण-पेण, वसई-पालघर आणि सिंधुदुर्ग, अशा तीन ठिकाणी मीठ धुण्याचं, आयोडीन मिसळण्याचं आणि तपासणीचं सामायिक केंद्र काढा. चालवायला महिला बचतगट तयार आहेत. निदान आमच्या गावचा आहे, आईला विचारूनच लिहिते आहे. भावनगरच्या संस्थेचा एक तज्ज्ञ हंगामात महिनाभर कोकणात बसवा. त्याला राहायला आमच्याकडे जागा आहे, जेवायला जिताडा मिळेल.

सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांना लागणारं मीठ, प्रमाणात बसत असेल तर, त्या जिल्ह्यातल्या केंद्राकडून घ्या. प्रमाणात बसत नसेल तर घेऊ नका.

आणि शेवटचं, ज्यासाठी दोघांना एकत्र लिहिलं : एकदा एका टेबलाशी बसून मीठ कुणाकडे ते ठरवा. केंद्राकडे ठेवायचं असेल तर केंद्राने बांधाचीही जबाबदारी घ्यावी. राज्याकडे सोपवायचं असेल तर पैशासकट सोपवावं. आमची कुणाकडेही जायची तयारी आहे, फक्त दार एक असू द्या.

उत्तराची वाट बघत आम्ही बसलेलो नाही. येत्या अष्टमीला भांग लागतो. भावाने पेंढा आणून ठेवला आहे, मागच्या तिन्ही खाचरवाल्यांनी येतो म्हटलं आहे, आमच्या शाळेतले दोन शिक्षक येणार आहेत, आणि आईने बावीस माणसांच्या भाकऱ्यांचं पीठ दळून आणलं आहे. खांड चाळीस हात आहे. एका भांगात ती पुरती बुजेल असं भाऊसुद्धा म्हणत नाही.

आपली,
मिठागरातली एक शिक्षिका
उरण तालुका, जि. रायगड

ता. क. : दोन्ही कार्यालयांना पाठवलेल्या प्रतींसोबत पाव-पाव किलो मीठ पुडीत बांधून दिलं आहे. आमच्याकडचं गेल्या हंगामातलं शेवटचं. त्यात आयोडीन नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ते जेवणात वापरू नये. बंगल्यात नारळ असेल तर त्याच्या आळ्यात टाकावं.